'रन'चा पसारा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांकडून आपण मोठमोठे शब्द घोकून घेतो. परंतु त्या भाषेचा खरा कारभार ज्या चिमुकल्या क्रियापदांच्या हाती आहे, त्यांची ओळख मात्र 'रन म्हणजे धावणे' अशा एका ओळीत उरकतो, याचा मला मनापासून खेद वाटतो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी या तीन अक्षरांच्या क्रियापदाचे दफ्तर पुन्हा तपासावयास घेतले, तेव्हा पीटर गिलिव्हर यांच्यासारख्या मुरलेल्या कोशकारास त्या एकट्यापायी नऊ महिन्यांहून अधिक काळ खर्ची घालावा लागला, आणि अर्थच्छटांची संख्या भरली ६४५! १९८९च्या आवृत्तीत 'सेट' हे क्रियापद सुमारे ४३० अर्थांनिशी अग्रस्थानी होते. तो मान आता 'रन'कडे आला.

हा विस्तार झाला कसा? प्राचीन इंग्रजीतही या धातूच्या ठायी पायांनी धावणे आणि पाण्याने वाहणे हे दोन्ही अर्थ नांदत होते. त्याच गतीच्या कल्पनेतून पुढे सर्दीने नाक 'धावू' लागले, धुण्यात कच्चा रंग 'धावला', डोंगरातून रस्ता 'धावला' आणि भाडेपट्ट्याची मुदतही 'धावू' लागली. मग यंत्रयुग अवतरले. गिरणी, आगगाडी, घड्याळ, आणि आता संगणकावरील आज्ञावली, जे जे म्हणून एकदा सुरू केल्यावर अखंड चालू राहते, त्या सर्वांस इंग्रजांनी हेच क्रियापद बहाल केले. निवडणुकीपुरता मात्र एक लक्षणीय भेद आहे: इंग्लंडातला उमेदवार आपल्याकडच्याप्रमाणे 'उभा' राहतो, अमेरिकेतला 'धावतो'.

आपल्याकडे या व्यवहाराचा पुष्कळसा भार 'चालणे' उचलते. दुकान चालते, खटला वर्षानुवर्षे चालतो, खोटे नाणे चालत नाही, पाटलाचा हुकूम पंचक्रोशीत चालतो. पण नाक वाहते, रंग जातो, साखर संपते. म्हणूनच 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' या वाक्यात धावणारे कोण, हे शोधता शोधता विद्यार्थी गोंधळतो, तो काही त्याचा मंदपणा नव्हे; धार वाहत वाहत भांडे रिकामे व्हावे, असे चित्र त्याच्यापुढे कोणी उभे केलेलेच नसते. ते एकदा मनात ठसले, की हातातला वेळ आणि गाठीचा पैसा याच क्रियापदाने का संपतात, हे त्यास निराळे सांगावे लागत नाही.