पाहुणे दोघांचे, धावपळ एकटीची?

"एसटीतून उतरलोय, अर्ध्या तासात पोहोचतो," असा फोन आला, की घरातली बाई आधी कुठे बघते? दुधाच्या पातेल्यात! मग कांदे किती उरलेत, गॅस संपत तर आला नाही ना, बाथरूममध्ये धुतलेला टॉवेल आहे का, दिवाणावरची चादर बदलायला हवी, हे सगळं तिच्या डोक्यात मिनिटभरात फिरून जातं. आणि नेमकं तेव्हाच नवरोबा विचारतात, "मी काय करू, सांग."

प्रश्न चांगलाच आहे. पूर्वी कित्येक घरांत तोही विचारला जात नव्हता. पण मैत्रिणींनो, सगळी गोम त्या 'सांग'मध्येच आहे. दूध त्यांनी आणलं, तरी दूध संपलंय हे लक्षात ठेवायचं काम तिचंच राहिलं. ते दूध आणतात, पिशवी ओट्यावर ठेवतात आणि पुन्हा विचारतात, "आता काय?" म्हणजे स्वयंपाकही तिने करायचा आणि मुकादमीही तिनेच!

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, असं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांचे जातात ८८ मिनिटं. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून जास्त, तर दुसरीकडे दीड तासही नाही. पाहुणे आले की हा हिशेब कुठे जातो, ते वेगळं सांगायला नकोच.

मग करायचं काय? सुटी सुटी कामं न सोपवता अख्खी जबाबदारी वाटून घ्यायची. बाहेरची खोली, पिण्याचं पाणी, चहा आणि मुलांना तयार करणं एकाकडे, खाण्याचं सगळं दुसऱ्याकडे. चहा त्यांचा, म्हणजे साखर आहे की नाही हे बघण्यापासून कप विसळून ठेवण्यापर्यंत त्यांचाच. आणि ही वाटणी पाहुणे दारात आल्यावर नाही, एखाद्या निवांत संध्याकाळी आधीच ठरवून ठेवायची. फोन आला की कुणी कुणाला विचारायला नको.

यात आपल्यालाही हात थोडा सैल सोडावा लागतो बरं का. "राहू द्या, तुम्ही पसाराच जास्त करता," म्हणत त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं, की त्यांना जन्मभराची सुट्टी मिळाली म्हणून समजा! पोह्यांचा थोडा लगदा झाला, तर होऊ दे. पाहुणे काही पाककला स्पर्धेचे परीक्षक म्हणून आलेले नसतात.

"बायको घरात असताना हा चहा करतो?" असं म्हणणाऱ्या आत्याबाई, मावशीबाई भेटतीलच. त्यांना गोडीत एक गोष्ट सांगावी. अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे. शिक्षण पूर्ण करून निघालेल्या शिष्याला गुरूने तो केला आहे. "तुझ्या बायकोकडून करवून घे," असं काही त्यात म्हटलेलं नाही. मग देव बाहेरच्या खोलीत बसलेला असताना निम्मी पूजा यजमानांनी केली, तर बिघडलं कुठे?

प्रश्न नुसता दमण्याचाही नाही. माहेरचा भाऊ वर्षातून एकदा येतो. तो बाहेर गप्पा मारत बसतो, बहीण आत पुऱ्या तळत असते. आई कशी आहे, तिचे गुडघे कसे आहेत, हे विचारायला मिळतात ती तो निघताना दारातली पाच मिनिटं. आपलं माणूस घरी येऊन जातं आणि आपली नीट भेटही होत नाही, याला पाहुणचार कसं म्हणायचं?

आणि मुलं हे सगळं बघत असतात. ताट वाढायला कोण उठतं, कोण बसून राहतं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. वडील रिकामे कप उचलून मोरीत नेताना दिसले, तर मुलगाही उद्या नेईल. मुलीलाही ते आपल्या एकटीचं काम वाटणार नाही.

येत्या रविवारी चहा पिता पिता विषय काढून बघा. भांडण म्हणून नको, वाटणी म्हणून.