आखूड धावपट्टीचे गणित

विमान कोसळल्याचे वृत्त वाचले की यंत्र बिघडले असेल, हाच तर्क आपल्या मनात प्रथम येतो. परंतु खासगी, आखूड धावपट्ट्यांवर उतरताना लहान विमानांना जे अपघात होतात, त्यांतील कित्येकांत यंत्र ठणठणीत असते. चुकते ते गणित, आणि तेही चाके भुईस टेकण्यापूर्वीच.

गणित शाळकरीच आहे. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के अधिक झाला की अंतर २१ टक्क्यांनी वाढते. सेस्ना १७२ या चार आसनी विमानास ५० फुटी अडथळा ओलांडून उतरण्यास, वारा नसताना व पट्टी कोरडी आणि पक्की असताना, सुमारे १,३०० फूट लागतात. हा हिशेब सराईत हाताचा. शेतातील गवती पट्टी पावसाने भिजलेली असली तर ब्रेक लावूनही चाके घसरतात. वारा पाठीमागून असला तर जमिनीवरील वेग आपोआप वाढतो. कडेची झाडे थोडी अधिक उंचावरून ओलांडली, की पट्टीचा पहिला तुकडा विमानाच्या पोटाखालून तसाच निघून जातो.

यावर उपाय आहे. न उतरता पुन्हा वर चढावे आणि फेरी मारून परत यावे. वैमानिकांना हा पाठ प्रारंभीच देतात; तरी तो वेळेवर पाळला जातोच असे नाही. खाली यजमान उभे, शेजारी पाहुणे बसलेले. इतके जवळ येऊन माघार घेणे म्हणजे नामुष्की वाटते! आणि अर्धी पट्टी सरल्यावर उठू पाहणारे विमान पलीकडच्या झाडांत वा तारांत सापडते. म्हणून जाणते वैमानिक एक खूण आधीच ठरवितात. तिथवर चाके टेकली नाहीत तर मनाशी वाद न घालता वर. ही शिस्त आम्हांस फार मोलाची वाटते.

जेथे ही सोयच नाही, अशीही एक पट्टी आहे: नेपाळातील लुक्ला. मुळात तीही सरकारी नव्हे. एडमंड हिलरी यांनी शेर्पांकडून जमीन घेऊन १९६४ साली ती तयार करविली. माती दबावी म्हणून शेर्पांना तिच्यावर नाचविले, असे सांगतात. लांबी ५२७ मीटर, चढ सुमारे १२ टक्के, माथ्याशी डोंगर. अखेरच्या टप्प्यात आल्यावर तेथे परत फिरणे नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरू पाहणारे विमान पट्टीच्या अलीकडेच आपटले. १९ जणांपैकी एकटा मुख्य वैमानिक वाचला. आजही तेथे ढग उतरले की उड्डाणे थांबतात, आणि गिर्यारोहक कुरकुरत का होईना, दिवस दिवस खोळंबून राहतात.