मत्स्यन्याय आणि नभोमंडल

मोठा मासा लहान माशास गिळतो, हा मत्स्यन्याय आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. परवा रात्री गच्चीवर नातीस चित्रा नक्षत्र दाखवीत असता आम्ही सहज बोलून गेलो की, आकाशातही थोरल्या दीर्घिका धाकट्यांस गिळून वाढतात. तिने लागलीच विचारले, “आजोबा, मग गिळलेल्यांचे काय होते?” प्रश्न मार्मिक होता, त्याचा विचार येथे करू.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समुदाय. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेस, कन्या राशीत, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर अशा हजाराहून अधिक दीर्घिकांचा गुच्छ आहे. त्याच्या गाभ्याशी ‘एम ८७’ ही अजस्र दीर्घिका आहे. तिची नोंद मेसिये या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७८१ साली केली.

लहान दीर्घिका अशा थोरलीच्या प्रभावळीतून जाऊ लागली म्हणजे तिच्या आकर्षणाने तिच्या मागे ताऱ्यांची व अदृश्य द्रव्याची दाटी होते. ती दाटी तिला मागे ओढते. वेग मंदावतो आणि ती केंद्राकडे घसरत जाते. या घर्षणाचे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४३ साली ताऱ्यांच्या गतीसंबंधाने मांडले. तेच पुढे दीर्घिकांसही लागू पडले.

परंतु माशाचा दृष्टांत येथेच संपतो. ताऱ्यांमधील अंतरे इतकी अफाट असतात की, दोन तारे एकमेकांवर आदळण्याचा प्रसंग बहुधा येतच नाही. घर मोडते, दिवे तेवत राहतात. २०१५ साली ज्योतिर्विदांनी एम ८७ च्या बाह्य भागातील, मरणोन्मुख ताऱ्यांभोवतीच्या सुमारे तीनशे चमकत्या वायुगोलांच्या गती तपासल्या. तेव्हा गेल्या एक अब्ज वर्षांच्या आत एक अख्खी दीर्घिका तिच्यात सामावल्याचे उघड झाले. रूप विरून गेले होते. पण चालीवरून माहेर ओळखू आले!

आम्ही नातीस म्हटले, “बाळ, त्यांचा उजेड राहतो, फक्त नाव जाते. थोरलीचे थोरपण अशा आलेल्यांनीच घडविलेले असते.”

“पण नाव तरी का जावे?” ती म्हणाली.

यावर आम्हांस उत्तर सुचेना. शेजारी आमचे कुटुंब वाती वळीत बसले होते. तिचे माहेरचे नाव नातीस ठाऊक नव्हते. ते आम्ही त्या रात्री तिला सांगितले.