घड, फणी आणि बंच

कोथिंबीर, केळी, द्राक्षे, किल्ल्या, गुलाब: शहरी मराठीत या सगळ्यांचाच आता ‘बंच’ होऊ लागला आहे. समर्थकांचे म्हणणे सरळ आहे. एका शब्दावर भागत असताना घड, जुडी, जुडगा, घोस अशी यादी घोकायची कशाला?

ग्राहकाच्या पिशवीपुरते हे ठीक. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत मात्र ते चालत नाही. तिथे घड म्हणजे झाडाला लागलेला सगळा भार आणि फणी म्हणजे त्याच्या दांड्यावरचा एकेक थर. घडावर ८-९ फण्या राखून खालच्या काढाव्यात, म्हणजे उरलेली केळी चांगली भरतात, असा सल्ला उत्पादकांना दिला जातो. दोन्हींना बंच म्हटले, तर काढायचे काय आणि राखायचे काय? इंग्रजीतला केळीचा व्यापारसुद्धा हा घोळ करत नाही. तिथे बंच म्हणजे अख्खा घड. फणीला हँड म्हणतात.

पण ‘परका शब्द, हाकला’ म्हणणाऱ्यांची बाजूही लंगडीच. फौज, जमात, काफिला हे शब्द मुळात अरबी. ‘डझन’ इंग्रजीतून आला आणि आंब्यांना १२ चा हिशेब देऊन गेला. पॉलिहाउसमधल्या डच गुलाबांचा बंच २० फुलांचा बांधतात. तिथे ते ठरलेले माप आहे. शाळेतली यादीही वेदवाक्य नव्हे. पुस्तकात द्राक्षांचा घोस असतो; नाशिकचा बागायतदार घड म्हणतो आणि घडांचीच विरळणी करतो.

समूहवाचक शब्द नुसते ‘पुष्कळ’ एवढेच सांगत नाहीत. वस्तू एकत्र कशा आल्या, तेही सांगतात. घड झाडावर धरतो, जुडी हाताने बांधतात, चळत एकावर एक रचतात. अढी म्हणजे आंब्यांचा ढीग नव्हे. गवतात थर लावून ते पिकत घातलेले असतात. गणपतीला वाहायच्या जुडीत दूर्वा २१ असतात, आणि बाजार समितीत पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर निघतो.

तेव्हा कसोटी शब्दाच्या कुळाची नको, कामाची हवी. तिच्यावर डझन टिकतो, गुलाबांचा बंचही टिकतो. कोथिंबिरीला मात्र तो लावण्याचे कारण उरत नाही. शेतकरी, अडत्या आणि भाजीवाली तिला जुडी किंवा गड्डीच म्हणतात, आणि भावही त्याच शब्दांत ठरतो.