प्रमाद आणि पांघरूण

वैद्याच्या हातून प्रमाद घडणे ही एक गोष्ट आणि त्या प्रमादावर पांघरूण घालणे ही दुसरी. पहिलीला दुर्दैव म्हणता येईल. दुसरी मात्र जाणूनबुजून केलेली वंचना होय. हा भेद आमच्या वैद्यकीय व्यवसायाने अद्यापि पुरता ओळखलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन सुमारे २० वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या एका रुग्णालयात आणण्यात आले आणि ९ मेच्या रात्री तेथेच त्याचा अंत झाला. रक्तवाहिनीत मेदाची गुठळी अडकून मृत्यू आला, असा दाखला शल्यचिकित्सकाने दिला. न्यायालयांत निष्पन्न झाले ते निराळेच. भूल न देता, जोर लावून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला होता. त्या आघाताने रुग्ण दगावला आणि दाखल्यातील कारण हे खरे कारण झाकण्यासाठी पुढे केलेले होते! १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने शल्यचिकित्सकाचे अपील फेटाळले. भरपाई ठरली ३,००० रुपये. मृताचे वडील स्वतः डॉक्टर होते. ज्यांना वैद्यकाची परिभाषा अवगत, त्या पित्यालाही मुलाच्या मृत्यूचे कारण सिद्ध करावयास १५ वर्षे लागली.

मग आमच्या सोलापुरातील विडी वळणाऱ्या भगिनीने किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराने काय करावे? घरात तेलुगू किंवा कन्नड, बाजारात मराठी आणि सही मात्र इंग्रजी कागदावर, अशी त्यांची स्थिती! रुग्णाने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. परंतु मागावे कसे हे ज्यास ठाऊक नाही, त्यास त्याचा उपयोग काय? आणि कागदावरच असत्य लिहिले असेल, तर तो ७२ तासांत मिळून तरी काय साधणार?

डॉक्टरांची बाजूही आम्ही जाणतो. खरे सांगितले तर पोलीस येतील, जमाव दगड घेऊन येईल, ही भीती निराधार नाही. म्हणूनच घोर निष्काळजीपणावाचून डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले; रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० साली कायदा केला. हे संरक्षण उचितच आहे. परंतु संरक्षण घ्यावयाचे आणि मौनही पाळावयाचे, हे न्यायाला धरून नाही. शिवाय दगड उचलणारा हात बहुधा संशयाने पेटलेला असतो, आणि संशय पोसला जातो तो मौनावरच.

इंग्लंडमध्ये एका रुग्णालयातील अनास्थेची चौकशी होऊन २०१३ साली अहवाल निघाला. पुढल्याच वर्षी, रुग्णास गंभीर इजा झाल्यास ती त्यास स्वतःहून कळवून दिलगिरी व्यक्त करणे हे तेथे कायद्याने बंधनकारक झाले. दिलगिरी म्हणजे दायित्वाची कबुली नव्हे, हेही तेथील कायद्याने आधीच स्पष्ट केले होते. सत्य बोलणाऱ्यास अभय आणि लपविणाऱ्यास शासन, असा हा सरळ न्याय आहे.

असाच कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर सोलापूरच्या सरकारी व खाजगी रुग्णालयांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. उपचारांत इजा झाल्यास ती एका दिवसाच्या आत नातेवाइकांना त्यांच्या भाषेत सांगावी, कागदपत्रांची प्रत न मागता हाती द्यावी आणि चौकशी त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून करवावी. यास ना निधी लागतो, ना मुंबईची परवानगी. गेलेला माणूस परत येत नाही, हे गरिबालाही कळते. तो कसा गेला एवढे जाणण्याचा त्याच्या आप्तांचा अधिकार मात्र कोणासही हिरावून घेता येणार नाही.