धुऱ्यावरून चाला
पाऊलवाट । वाटाड्या

हातात मावणारं जीपीएस यंत्र नवं घेतलेल्या माणसाला मी आधी नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर नेतो. मैदानाच्या मधोमध, डोक्यावर झाड नाही, बाजूला भिंत नाही अशा जागी यंत्र चालू करून जमिनीवर ठेवायचं आणि पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. ही पंधरा मिनिटं कुणालाच आवडत नाहीत. मोबाइलवर निळा ठिपका क्षणात उमटतो, मग इथं वाट का पाहायची? मोबाइलला टॉवरकडून आयती मदत मिळते. हे यंत्र मात्र सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचंच ऐकतं. कोणता उपग्रह कुठं आहे याचं सगळं पंचांग एकदा ऐकून घ्यायला त्याला साडेबारा मिनिटं लागतात. जागा ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात: तीन जागेसाठी आणि चौथा यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. म्हणून पहिल्या दिवशी धीर धरायचा. टॉवर नसलेल्या जंगलात पुढं हेच यंत्र कामाला येणार असतं.

तिथून चालत झिरो माइलला जायचं. हा दगड देशाच्या मधोमध आहे की नाही, या वादात मला रस नाही. त्या खांबाशी जोडलेला उंचीचा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो: समुद्रसपाटीपासून १,०२०.१७१ फूट. भारताच्या महासर्वेक्षणाची ही १९०७ सालची खूण आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब ठेवणारी माणसं या शहरात काम करून गेली. शेजारी उभं राहून आपल्या यंत्रावरची उंची पाहिली तर ती दर मिनिटाला काही मीटर वरखाली होताना दिसते. आडव्या जागेपेक्षा उंचीत यंत्र जास्त चुकतं, हे सांगावं लागत नाही, तिथं दिसतंच.

हे सर्वेक्षण ज्यानं सुरू केलं तो विल्यम लॅम्बटन नागपूरच्या वाटेवरच गेला. १८०२ साली मद्रासला त्यानं पहिली आधाररेषा मोजली, कोन मोजायचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं पुढं नेलं आणि पृथ्वीच्या आकाराचा जो हिशेब मांडला, त्याच्यावर आपले जुने सर्वे नकाशे उभे आहेत. हिंगणघाटच्या त्या कबरीचा आणि तुमच्या खिशातल्या यंत्राचा संबंध इथं येतो.

कारण उपग्रह एव्हरेस्टचा हिशेब वापरत नाहीत. त्यांचा हिशेब १९८४ सालचा, म्हणजे यंत्राच्या यादीतला 'डब्ल्यूजीएस ८४'. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'डेटम' नावाची ओळ असते, तिथं कोणता हिशेब धरायचा ते निवडायचं असतं. त्या यादीत 'इंडियन बांगलादेश' असं एक नाव दिसतं. आपण भारतात आहोत म्हणून इंडियन, अशा समजुतीनं ते निवडलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. विदर्भात या एका निवडीनं जागा दीडशे मीटरहून जास्त सरकते. यंत्र तक्रार करत नाही, आकडे नेहमीसारखेच दिसतात, पडद्यावर अचूकता तीन मीटर असंच लिहून येतं. नागपूरचा जुना ५५ ओ/४ क्रमांकाचा सर्वे नकाशा एव्हरेस्टच्या हिशेबावर आहे. २००५ च्या नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. नकाशाच्या समासात हे छापलेलं असतं. ते वाचायचं आणि यंत्र त्याच्याशी जुळवायचं. नकाशाच हाती नसेल तर डब्ल्यूजीएस ८४ ठेवावं.

दुसरी ओळ आकडे कसे दाखवायचे याची. अंश-मिनिटं-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटं, किंवा नुसते दशांश अंश. कुणी फोनवर सांगतं, "एकवीस, नऊ." ते २१ अंश ९ मिनिटं असतं आणि ऐकणारा २१.०९ लिहून घेतो. नऊ मिनिटं म्हणजे ०.१५ अंश. फरक ०.०६ अंशाचा, जमिनीवर जवळपास साडेसहा किलोमीटर. हरवलेल्या माणसाला शोधायला निघालेली टोळी एवढ्या चुकीनं भलत्याच गावी पोहोचेल. ज्यांना मीटरमध्ये आकडे हवेत त्यांनी यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मोजायची पद्धत, निवडावी, पण एक लक्षात ठेवावं: ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो. नागपूर आणि वर्धा ४४ व्या पट्ट्यात, अमरावती आणि मेळघाट ४३ व्या. पट्ट्याचा क्रमांक न लिहिलेला आकडा कागदावर ठेवूच नये.

बाकीचं लवकर उरकतं. सेल अल्कलाइन की चार्जिंगचे, ते यंत्राला सांगायचं, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटं दाखवते. होकायंत्र असेल तर सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यायचं. नसेल तर उभं राहून दिशा कळत नाही, दहा-वीस पावलं चालावं लागतं. जुना ट्रॅक पुसायचा. महत्त्वाच्या खुणेवर यंत्राला सरासरी काढू द्यायची. खुणांना ००१, ००२ अशी नावं यंत्र देतं, तेव्हा वहीत त्यांच्यापुढं 'मोहाजवळचा कोपरा' असं लिहायचं.

मी हे सगळं एवढ्या तपशिलानं लिहितो आहे, कारण विदर्भात हे यंत्र केवळ भटक्यांच्या पाठपिशवीत राहिलेलं नाही. त्यावर जमिनीचे हक्क ठरतात. वनहक्क कायदा २००६ सालचा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ साली १,८०९ हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि त्या वाटेनं विदर्भातली शेकडो गावं पुढं गेली. वैयक्तिक दाव्यात कसत असलेली जमीन कमाल चार हेक्टरांपर्यंत मान्य होते. वनहक्क समिती जागेवर जाते, कुणीतरी यंत्र घेऊन शेताच्या धुऱ्यानं, म्हणजे कडेच्या बांधानं, फेरी मारतं आणि पडद्यावर क्षेत्र उमटतं. तो आकडा कागदावर गेला की पुढं तोच चालतो.

देवलापारकडे अशाच एका फेरीला मी बरोबर होतो. यंत्राचा डेटम बरोबर, आभाळ स्वच्छ, मे महिना, साग निष्पर्ण, म्हणजे मोजणीला उत्तम दिवस. पावसाळ्यात पानांनी भरलेल्या सागाखाली तेच यंत्र चाचपडतं. शेत साधारण एकराचं. पहिल्या कोपऱ्यावरून निघालो आणि शेतकऱ्यानंच हाक मारली, "भाऊ, इकडून या ना, धुऱ्यावर बोराटीच बोराटी आहे." आम्ही त्याच्या मागोमाग आतून, तासातून चाललो. त्यानं पाहुण्याची काळजी घेतली होती आणि मी ती घेऊ द्यायला नको होती.

हिशेब करून पाहा. एक एकराचं चौरस शेत म्हणजे बाजू जवळपास ६३.६ मीटर. चारही बाजूंनी फक्त एक मीटर आतून चाललात तर ४० गुंठ्यांतले अडीच गुंठे गेले. पाच मीटर आतून चाललात तर उरतात अठ्ठावीस-एकोणतीस. तेच पाच मीटर चार हेक्टरांच्या शेतात घेतले तर दहा टक्क्यांच्या आसपास जातात. शेत जितकं लहान तितकी कपात मोठी, म्हणजे ज्याच्याकडं कमी त्याचंच जास्त जातं. उपग्रहाची चूक कधी आत कधी बाहेर पडते आणि बरीचशी आपापसात फिटते. पायांची चूक फिटत नाही, कारण काटे नेहमी धुऱ्यावरच असतात. यंत्राच्या अचूकतेवर आपण जेवढं बोलतो त्याच्या निम्म्यानंही चालण्यावर बोलत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते.

कायद्याची बाजू इथं शेतकऱ्याला बळ देणारी आहे. २०१२ साली नियमांत जी दुरुस्ती झाली तीत स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रहचित्रं आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक ठरतील, त्याची जागा घेणार नाहीत. पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन आहे, आणि जमिनीवर घातलेले बांधही आहेत. म्हणजे तो बोराटीनं भरलेला धुरा स्वतःच पुरावा आहे. यंत्राचा आकडा आणि धुरा यांचं जमलं नाही तर आधी आकड्याकडं संशयानं पाहायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ग्रामसभांना, मोजणीला जाणाऱ्या प्रत्येक पोराला आणि ते कागद स्वीकारणाऱ्या टेबलांनाही सांगतो. मोजणीच्या प्रत्येक कागदावर आकड्याशेजारी डेटम, पट्टा, तारीख, यंत्राचं मॉडेल, पडद्यावरची अचूकता आणि फेरी धुऱ्यावरून झाली की आतून, हे लिहिलेलं असावं. सहा गोष्टी, दोन ओळी. ट्रॅकची फाइल त्याच दिवशी गावाच्या हाती द्यावी, म्हणजे उद्या वाद झाला तर नुसता हेक्टरचा आकडा नव्हे, चाललेली रेघ समोर ठेवता येईल. आणि शक्य असेल त्या ग्रामसभेनं स्वतःचं एक यंत्र घ्यावं. दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालणारं साधं यंत्र पुरतं. ते हाताळणारी दोन मुलं आणि दोन मुली गावातल्याच असाव्यात, कारण नाल्याच्या अलीकडचा दगड हद्दीचा की पलीकडचा, हे बाहेरून आलेल्याला कळायचं नाही.

देवलापारच्या त्या शेताची फेरी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केली. उन्हं चढायच्या आत शेतकरी आणि त्याचा भाऊ कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर उतरले आणि चारही बाजूंची बोराटी छाटली. त्यांची म्हातारी आई पुढं चालली, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून काठी टेकत गेली, आणि यंत्र तिच्या मागोमाग फिरलं. शेत आदल्या दिवसापेक्षा दोन गुंठ्यांनी जास्त भरलं.