शिवी देण्याचा हक्क

२०२५ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. तालुका पातळीवरच्या शालेय फुटबॉल सामन्यांसाठी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेची मुले घेऊन मी गेलो होतो. शाळेकडे गणवेशाचे पैसे नव्हते, त्यामुळे घरात असेल ती जर्सी घालून मुले आली होती. चौघांच्या पाठीवर सालाह, दोघांच्या पाठीवर रोनाल्डो आणि गोलरक्षकाच्या पाठीवरचे नाव धुऊन धुऊन पार निघून गेलेले. शेजारच्या दोन शाळांच्या मुलांच्या पाठीवरही मेस्सी होता, नेमार होता. पण प्रमुख पाहुण्यांनी थांबून विचारले ते आमच्याच मुलांना, "काय रे, आपल्या देशाच्या टीमची जर्सी मिळत नाही का तुमच्याकडे?"

'तुमच्याकडे' या शब्दावर मुले हसली नाहीत. मी घाईघाईने पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारे रहीमसाहेब माझ्यासारखेच शाळामास्तर होते." पाहुणे "हो का?" म्हणाले आणि चहाकडे वळले. परतताना टमटममध्ये नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, उन्होंने जर्सी का पूछा था, आपने रहीमसाब का क्यों बताया?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

राष्ट्रीय संघाविषयीचा उत्साह ओसरला, मुले पहाटेपर्यंत जागून परदेशी क्लबांचे सामने पाहतात, देशाच्या संघातले अकरा खेळाडू त्यांना सांगता येत नाहीत, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. तक्रार खोटी नाही. २०१८ च्या १ जूनला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला पाच गोलांनी हरवले, त्यातले तीन सुनील छेत्रीचे. पाहायला माणसे होती २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत काढून लोकांना हात जोडले. युरोपातल्या क्लबांचे चाहते असाल तरी या, आम्ही त्या पातळीचे नाही हे मान्य आहे, आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असे त्याचे म्हणणे होते. ४ जूनला केनियाविरुद्धची तिकिटे संपली. भर पावसात लोक उभे राहिले.

मग उत्साह मेला होता असे कसे म्हणायचे? तीन दिवसांत मेलेले जिवंत होत नाही. त्याला कोणी हाक मारली नव्हती एवढेच. ज्या संघटनेच्या कर्णधाराला प्रेक्षकांसाठी पदर पसरावा लागतो, तिने प्रेक्षकांच्या देशप्रेमाची चौकशी करावी हा उलटा न्याय झाला.

परदेशी क्लबांनी मुले पळवली, हेही मला पुरते पटत नाही. कोल्हापुरात जाऊन पाहा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा यांच्या सामन्यांना हजारो माणसे येतात. तीच माणसे विश्वचषकाच्या वेळी गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडेही लावतात आणि त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळतो. तालमीचा सामना कधी, कुठे, कोणाशी हे पेठेतल्या पोराला तोंडपाठ असते. संघातला मुलगा कोणाचा, त्याचा बाप काय करतो, हेही. देशाच्या संघाविषयी यातले काय ठाऊक असते? सामना कोणत्या वाहिनीवर आहे हे शोधेपर्यंत मध्यंतर होते.

आणि या संघाला वागवले कसे गेले ते पाहा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महासंघाच्या कारभारातल्या बाहेरच्या हस्तक्षेपावरून 'फिफा'ने भारतावर बंदी घातली, ती दहा-अकरा दिवसांनी उठली. त्याच वर्षी संघाचे मनोबल वाढवण्यासाठी एका ज्योतिष कंपनीला सोळा लाख रुपये दिल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. २०२३ मध्ये देश जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात होता. २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषकात तीन सामने हरला, गोल एकही नाही. त्या संपूर्ण वर्षात पुरुष संघाला एकही विजय मिळाला नाही. २०२५ संपता संपता क्रमांक १४२ वर आला होता आणि करारांच्या घोळात देशातली मुख्य लीग वेळेवर सुरूसुद्धा झाली नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये मेस्सी आला. कोलकात्यात हजारो रुपयांची तिकिटे काढलेल्या लोकांना पुढाऱ्यांच्या गराड्यात तो नीट दिसलाही नाही, थोड्याच वेळात तो निघून गेला आणि लोकांनी खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर छेत्रीने त्याची भेट घेतली. अंधेरीत हात जोडणारा तोच छेत्री. या देशात फुटबॉलसाठी पैसा नाही आणि माणसे नाहीत, असे त्या आठवड्यानंतर कोणी म्हणू नये.

उत्साहाच्या नावाने गळा काढणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारतो. २०२५ च्या जुलैमध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून ती जागा मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी यांच्यापैकी कितीजणांनी पेढे वाटले? याच मुलींची आधीची स्पर्धा, २०२२ ची, आपल्या मुंबई-पुण्यात होती आणि संघात कोरोना शिरल्यामुळे त्यांना घरच्या मैदानावरून बाद व्हावे लागले होते. तेव्हा कोण हळहळले?

पण माझे खरे भांडण याहून वेगळे आहे. उत्साह कमी झाला म्हणून इतरांना आळशी म्हणतात, परदेशी वेडाचे म्हणतात. आम्हाला मात्र थेट हजेरी विचारतात. तीच जर्सी एकाच्या पाठीवर शौक ठरते, दुसऱ्याच्या पाठीवर पुरावा. २०२१ च्या २४ ऑक्टोबरला दुबईत भारताचा क्रिकेट संघ पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. हरले अकराजण आणि समाजमाध्यमांवर धर्मावरून शिव्या खाव्या लागल्या एकट्या मोहम्मद शमीला. विराट कोहली त्याच्या बाजूने ठाम उभा राहिला, हे नोंदवलेच पाहिजे.

हा आजार आपल्याकडचाच आहे असेही नाही. गेल्सेनकिर्शेनमध्ये जन्मलेला मेसुत ओझिल २०१४ मध्ये जर्मनीचा जगज्जेता होता. २०१८ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यासोबत त्याने फोटो काढला (शहाणपणाचे नव्हते, माझेही तेच मत आहे), जर्मनी दक्षिण कोरियाकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि सगळ्या संघाचे पाप एकाच्या माथी आले. जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित, अशा अर्थाचे निवेदन देऊन त्याने देशाची जर्सी उतरवली. २०२४ च्या रमजानमध्ये अँटोनियो रुडिगरने जानमाजवर बसून शहादतचे बोट वर केलेला फोटो टाकला, तर एका माजी संपादकाला त्यात अतिरेक्यांची खूण दिसली. अत्तहियातमध्ये आपण सगळेच ते बोट रोज वर करतो. त्याच वर्षी तिथल्या एका पाहणीत २१ टक्के लोकांनी संघात गोरे खेळाडू जास्त असते तर बरे झाले असते, असे सांगितले. नंतर हेच लोक विचारणार, राष्ट्रीय संघाविषयीचा जिव्हाळा कुठे गेला?

आता थोडे आपल्या घरात. त्या दिवशी मी रहीमसाहेबांचे नाव घेतले ते आठवण म्हणून नव्हे, दाखला म्हणून. खिशातून रेशनकार्ड काढावे तसे. आपण सगळे हेच करतो. २०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला तेव्हा त्यांचा फोटो आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या मैदानांवर खेळलेले प्रशिक्षक खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा आमच्या मोहल्ल्यात मुबारकबादीचा पाऊस पडला. अडीच महिन्यांनी संघ हरला आणि खालिद जमील हे नाव कोणी घेईना. म्हणजे आपणही जिंकलो तरच आपला, हाच हिशोब करतो.

सय्यद अब्दुल रहीम हैदराबादच्या शाळांतून शिकवत. १९५१ आणि १९६२ ही दोन आशियाई सुवर्णपदके, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियावर तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा. जकार्तामध्ये १९६२ च्या अंतिम सामन्यात एक लाखाचा जमाव भारताच्या विरोधात ओरडत होता. कारण वेगळेच, इस्रायल आणि तैवानला वगळण्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता. त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे म्हणजे पाकिस्तानचे हॉकी खेळाडू, असे त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितले. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके होते आणि रहीमसाहेबांच्या फुप्फुसात कर्करोग. २-१ ने जिंकलो. नऊ महिन्यांत ते गेले.

पण मला मास्तर म्हणून हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हैदराबादेत ते असे सामने भरवत, ज्यात चेंडू पायात खेळवत ठेवायला बंदी. लगेच दुसऱ्याला दिलाच पाहिजे. असेही सामने, ज्यात कमकुवत पायानेच मारायचे. एक मास्तर, एक चेंडू आणि डोके. आपल्या किती उर्दू शाळांत आज हे चालते? खेळाचा तास गणिताला जातो. मैदानाच्या जागेवर वर्गखोल्या किंवा गाळे उभे राहिले आहेत. चड्डीत गुडघे झाकले जातात की नाही यावर आपण जुम्म्यानंतर तासभर बोलतो. मुले खेळणार कुठे, यावर पाच मिनिटे नाही. मुलींचा तर विषयच निघत नाही. रहीमसाहेबांचा फोटो चालतो, रहीमसाहेबांचे काम नको.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात भारत आणि सिंगापूर खेळत होते. पाच-सहा मुले माझ्या घरी मोबाईलभोवती जमली होती. छांगतेने गोल केला तेव्हा जाळीवर झोपलेला शेजाऱ्याचा कोंबडासुद्धा उठला. मग सिंगापूरने दोन मारले आणि आशियाई चषक गेला. तोच नववीतला मुलगा, सालाहची जर्सी घालणारा, गोल केल्यावर आमच्या मुरमाड मैदानावर सिजदा करून कपाळ खरचटून घेणारा, उठून उभा राहिला आणि बचावफळीला मनापासून शिव्या घालू लागला. आवाज चढत गेला. प्रशिक्षक, महासंघ, कोणालाच त्याने सोडले नाही.

मी खिडकी लावून घेतली आणि म्हणालो, "आहिस्ता बोल, बाहेर लोक आहेत."

तो थांबला. म्हणाला, "सर, छेत्रीनेच तो बोला था ना, आके गाली दो?"

खिडकीची कडी अजून माझ्या हातात होती.